कोणी मारलं?

सोमवार, ६

मास्तरांनी आज सगळ्यांना वह्या वाटल्या. रोज तीन गोष्टी लिहायच्या: वजन, झोप, मार. मार म्हणजे दिलेला आणि खाल्लेला, दोन्ही. "कादंबऱ्या लिहू नका," असं वर सांगितलं. मला कोणी काही करू नको म्हटलं की ते केल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून पहिल्याच पानावर कादंबरी सुरू.

वय छत्तीस. दिवसभर कुरियरच्या गोदामात खोकी चढवते आणि सकाळ-संध्याकाळ टायरच्या दुकानावरच्या बॉक्सिंगच्या हॉलमध्ये माणसांना ठोसे मारते. मधली सात वर्षं ग्लोव्हज माळ्यावर होते. मूल व्हावं म्हणून ठेवले होते. गोळ्या झाल्या, सुया झाल्या, शेवटी मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की लहानपणी अपेंडिक्स फुटलं होतं तेव्हा आतल्या नळ्या खराब झाल्या, फार आशा धरू नका. आम्ही धरली नाही. सासूबाईंनीच माळ्यावरून ग्लोव्हज काढून दिले आणि म्हणाल्या, "घे. घरातली भांडी तरी वाचतील."

आमच्या गटातून एकीलाच पुढच्या महिन्यातल्या लढतीला पाठवणार. एक तर मी, नाही तर टाचणी. टाचणी शर्टांच्या कारखान्यात कॉलरला टाचण्या लावते, तिचा जॅबही तसाच आहे, बारीक आणि नेमका. वय माझ्यापेक्षा बारा वर्षांनी कमी. मला ताई म्हणते आणि नाकावर मारते. आज मी तिला कोपऱ्यात गाठून बरगड्या शेकून काढल्या. खूप बरं वाटलं.

नव्या पोरींना मास्तरांनी नियम सांगितला. आमच्याकडे 'दुखतं' म्हणायचं नाही. म्हटलं, तर मास्तर घंटेच्या दोरीला हात घालून विचारतात, "कोणी मारलं?" नाव घ्यायचं आणि त्याच माणसाशी तिथल्या तिथे तीन फेऱ्या खेळायच्या. दुखणं पोसायचं नसतं, ज्याचं त्याला परत करायचं असतं, असं मास्तरांचं म्हणणं. मला हा नियम भारी आवडतो.

वजन जास्त. झोप बरी. मार दिला भरपूर.

गुरुवार, ९

घरात युद्ध.

पाळी लांबली आहे. वजन उतरवताना लांबतेच, पूर्वीही लांबायची. पण सकाळी उकडलेल्या अंड्याचा वास सहन झाला नाही, ताटली सरकवली, तर सासूबाईंनी नवऱ्याकडे बघितलं आणि नवऱ्याने सासूबाईंकडे. मी काय आंधळी आहे? संध्याकाळी बेसिनवर, माझ्या ब्रशशेजारी, ती पट्टीची डबी ठेवलेली. गरोदरपणाच्या तपासणीची.

तळपायाची आग मस्तकात गेली. डबी कचऱ्यात आणि हातातली ताटली भिंतीवर. सात वर्षं मी त्या पट्टीवर एकच रेघ बघत आले आहे. बाथरूमच्या दाराबाहेर हा उभा राहायचा, आणि मी आतून काही बोलले नाही की पावलं न वाजवता निघून जायचा. ते परत सुरू करायचं नाही.

"अगं, नुसतं बघायला काय जातं?" तो म्हणाला.

"माझं जातं."

तो लिफ्ट दुरुस्त करतो. सगळं जग त्याला लिफ्टच वाटतं. तुकडे गोळा करत म्हणाला, "आमच्यात वेगळा आवाज आला की आधी थांबवून बघतात, मग चालू करतात."

"मी लिफ्ट नाही," म्हटलं.

सासूबाई आतल्या खोलीतून ओरडल्या, "चिनी मातीच्या ताटल्या संपल्या. उद्यापासून स्टील." मला हसू आलं, पण मी दाबलं.

शनिवार, ११

आली एकदाची. थोडीच आहे, काळपट, डागच म्हणायचे. पण आली. जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं. नवरा फक्त "बरं" म्हणाला आणि पाणी प्यायला. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, तेवढं वाटलं नाही.

खाली उजव्या बाजूला काहीतरी टोचतंय, एकाच जागी. पाळीचंच.

ठोसे मारायच्या बॅगवर हात मोकळा सोडला. बॅगची शिवण उसवली. मास्तर म्हणाले, "नवीन तुझ्या पगारातून."

मंगळवार, १४

टाचणीला मी सोडणार नाही.

तिसऱ्या फेरीत मी तिला दोरीवर दाबलं होतं. हेडगार्डच्या आत तिचे डोळे दिसत होते, घाबरलेले. मी उजवा हात मागे घेतला आणि तेवढ्यात तिने खालून हूक घातला, पट्ट्याच्याही खाली, उजव्या कुशीत. श्वासच गेला. गुडघा टेकला. मास्तर दुसऱ्या पोरींकडे बघत होते.

"सॉरी ताई, सॉरी, हात घसरला," ती म्हणत होती.

हात घसरतो होय? बरोबर तिथेच घसरतो? एकीलाच पाठवणार आहेत हे तिलाही माहीत आहे. दिसायला गरीब गाय. मी उठले आणि घंटा होईपर्यंत तिला बडवलं, पण ठोशात दम नव्हता.

उजवीकडे आत चांगलंच लागलंय. बर्फ लावला. कोणाला बोलले नाही.

शुक्रवार, १७

डाग अजून थांबत नाहीत. उजवी बाजू धरून आहे. आज गोदामात खोकं उचलताना डोळ्यांपुढे अंधारी आली, खोकं सुटलं आणि सुपरवायझरच्या बुटावर पडलं. तो एका पायावर नाचला. एरवी मी पोट धरून हसले असते, आज नुसतंच पोट धरलं.

संडासला बसताना कळ येते. हे वहीत लिहायलाही लाज वाटते, पण मास्तर थोडेच वाचणार आहेत.

नवऱ्याने विचारलं, "डॉक्टरकडे जाऊ या का?" मी म्हटलं, "जाऊन काय सांगू? पोरीने मारलं म्हणून?" डॉक्टर म्हणणार विश्रांती घ्या, आणि त्या विश्रांतीत टाचणी लढतीला जाणार. तिला हेच तर हवंय. तिने मला तोडलं आहे आणि वर ताई ताई करत पाणी आणून देते. तिच्या हातचं पाणी मी आज बादलीत ओतलं, तिच्यादेखत. तिचा चेहरा पडला. पडू दे.

रविवार, १९

आता उजवा खांदा. वर, टोकाला. आडवं पडलं की कळ मारतो, बसलं की कमी होतो. हूक मारताना ओढला गेला असेल. सासूबाईंनी मलम चोळून दिलं आणि म्हणाल्या, "खांद्यात गाठ तर काही लागत नाही गं. मऊ आहे." मग माझ्या तोंडाकडे बघून, "पांढरी का पडली आहेस?"

"तुमचा मुलगा सतावतो म्हणून."

"तो? तो झुरळ मारताना माफी मागतो."

उद्या मास्तर नाव जाहीर करतील. उद्या मी नियम वापरणार. दुखतं म्हणणार, सगळ्यांसमोर, आणि नाव घेणार. तीन फेऱ्यांत तिचं काय ते परत करणार.

शुक्रवार, २४

हॉस्पिटलमध्ये आहे. नवऱ्याने वही आणून दिली. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं येतंय.

सोमवारी सकाळी मी हॉलच्या मधोमध उभी राहिले आणि म्हटलं, "मास्तर, दुखतंय."

सगळ्या बॅगा थांबल्या. माझ्या तोंडून हा शब्द कोणी कधी ऐकला नव्हता. मास्तरांनी घंटेच्या दोरीला हात घातला. "कोणी मारलं?"

मी बोट दाखवलं. टाचणी पांढरीफटक. "ताई, मी मुद्दाम नाही..." म्हणत होती, तोवर मी दोरीच्या आत होते.

पहिली फेरी माझी. तिच्या नाकातून रक्त काढलं. ते हनुवटीवरून बनियनवर गळत होतं आणि मला बघून समाधान वाटत होतं, खोटं कशाला लिहू? ती मारत नव्हतीच. नुसती झाकत होती, मागे सरत होती. मास्तर ओरडले, "हात चालव!" तरी तिने चालवला नाही. त्याने मला आणखी चेव आला. दुसऱ्या फेरीत ती कोपऱ्यात सापडली. मी पाय रोवला, सगळं अंग वळवून उजवा हात सोडला, आणि तो तिच्यापर्यंत पोचायच्या आत माझ्या पोटात काहीतरी फाटलं. टर्रकन, कापड फाटावं तसं. मला वाटलं घंटा झाली. झाली नव्हती. मग जमीन माझ्या गालाला लागलेली, आणि टाचणीचा आवाज, "मी हात लावला नाही, मी हात लावला नाही."

पुढचं तुकड्यातुकड्यांत आहे. जिन्यावरून मला उचलून नेताना टायरचा वास. थंडी, इतकी की दात वाजत होते. तपासणीच्या टेबलावर आडवं केलं तर खांद्यात अशी कळ आली की मी एका कंपाउंडरला लाथ मारली. मास्तर डॉक्टरांना सांगत होते, पोटात ठोसा बसलाय, सहा दिवसांपूर्वी, उजवीकडे. तरुण डॉक्टर म्हणाला, यकृत फाटलं असेल. मग एक डॉक्टरीणबाई आल्या, बुटक्या, केस वर घट्ट बांधलेले. त्यांनी ठोशाबद्दल काही विचारलं नाही. विचारलं, "शेवटची पाळी कधी?"

"चालूच आहे," मी म्हटलं.

"नेहमीसारखी?"

नवरा कामाच्या कपड्यांतच धावत आला होता, हाताला ग्रीस. तो म्हणाला, "नेहमीसारखी नाही. उशिरा आली, आणि नुसते डाग आहेत." त्याने हे कधी बघितलं, मला माहीत नाही.

त्यांनी पट्टीवर तपासलं. दोन रेघा आल्या. सात वर्षं ज्या दोन रेघांची वाट बघितली त्या आल्या तेव्हा मी टेबलावर शुद्ध हरपत होते. मी त्या बघितल्याच नाहीत.

रविवार, २६

डॉक्टरीणबाई आज खुर्ची ओढून बसल्या. नवरा आणि सासूबाईही होत्या.

गर्भ पिशवीपर्यंत पोचलाच नाही. वाटेत, उजव्या नळीतच रुजला. पिशवी ताणते, नळी ताणत नाही. तो वाढत गेला आणि नळी फुटली. पोट रक्ताने भरलं होतं. नळी काढून टाकली, दुसऱ्यांचं रक्त चढवलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर मी टेबलावर पोचले नसते, असं त्या साध्या आवाजात म्हणाल्या.

"आणि खांदा?" मी विचारलं.

"खांद्याला काही झालं नव्हतं. पोटात साचलेलं रक्त वर श्वासाच्या पडद्याला लागतं आणि दुखणं खांद्याच्या टोकाला जाणवतं. बऱ्याच जणी मलमच चोळतात."

सासूबाईंनी स्वतःच्या बोटांकडे बघितलं.

"मूल वाचवता..." नवरा म्हणाला आणि थांबला.

"नाही. तिथे ते जगूच शकत नाही. ते तिथून उचलून आत ठेवता येत नाही. फक्त आई वाचवता येते. पाळी चुकली, डाग पडले, एका बाजूला दुखलं, तेव्हाच आला असता, तर कदाचित औषधावर भागलं असतं. आधी नळ्या खराब झाल्या असतील तर हा धोका जास्त असतो. पुढे कधी पाळी चुकली, तर आधी तपासणी. थांबायचं नाही, ठरवायचं नाही."

मग मी विचारलं, जे मला विचारायचं होतं. "त्या ठोशाने फुटली ना?"

"ठोशाने गर्भ नळीत जात नाही. तो त्याआधीच तिथे होता. रोज वाढत होता. कोणी बोट लावलं नसतं तरी फुटली असती."

"पण लागला होता तो ठोसा."

"लागला असेल," त्या म्हणाल्या. "पण हे त्याने झालेलं नाही."

त्या गेल्यावर मी भिंतीवर बुक्की मारली. सलाइनची सुई निघाली, चादरीवर रक्त उडालं, नर्सने मला शिव्या घातल्या. हॉस्पिटलची भिंत पक्की आहे.

बुधवार, २९

टाचणी रोज कारखाना सुटला की येते आणि जिन्यात बसते, असं सासूबाईंनी सांगितलं. वर येत नाही. नाकाला पट्टी आहे. "बोलावू?" त्यांनी विचारलं.

"हाकला."

त्यांनी डॉक्टरीणबाईंचं सगळं ऐकलंय. तरी पदराने टेबल पुसत बसल्या. टेबल स्वच्छच होतं.

इथे लिहिते, कारण इथे कोणी ऐकत नाही. मला कोणीतरी मारलेलं हवं आहे. मला नाव हवं आहे, चेहरा हवा आहे, ज्यावर हात उगारता येईल असं काहीतरी. माझ्याच पोटात, माझंच मूल, मलाच मारत होतं, आणि त्याचीही काही चूक नव्हती, हे मी कुठे ठेवू? त्यापेक्षा टाचणी बरी. टाचणीला मारता येतं.

संध्याकाळी नवऱ्याने सांगितलं की ती डबी त्याने कचऱ्यातून परत काढली होती. हत्यारांच्या पिशवीत ठेवली होती, पक्कडीशेजारी. तू शांत झालीस की देऊ म्हणून. मग डाग आले, आणि त्यालाही वाटलं, बरं झालं. मी त्याला दोन्ही मुठींनी छातीवर मारलं, जमेल तितकं. तो हलला नाही.

"मार," म्हणाला. "पण टाके सांभाळ."

मग तो रडला. मी त्याला रडताना पहिल्यांदाच बघितलं. मी मारायची थांबले आणि त्याच्या शर्टाला धरून राहिले. ग्रीसचा वास होता.

सोमवार, १०

घरी येऊन बरेच दिवस झाले. गोदामात सुट्टी टाकली आहे. कूस बदलता येते, जिना उतरता येतो.

मास्तर आले होते. चपला दाराबाहेर काढून, टोपी हातात धरून बसले. हॉलमध्ये सिंहासारखे असतात, इथे सोफ्यावर टोकाला बसलेले बघून मलाच कसंतरी झालं. पिशवीतून ग्लोव्हजची जोडी काढली. टाचणीची.

"परत दिली. टॉवेलात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवून गेली. तुझ्या जागी तिचं नाव दिलंय, पण मी खेळणार नाही म्हणते. तिला कळलंय तुझ्या पोटात काय होतं ते. म्हणते, माझ्या हातून जीव गेला." मग खाली बघत म्हणाले, "आणि माझ्या हातून नाही का? घंटा मीच वाजवली."

तोंडापर्यंत आलं होतं. एकच वाक्य होतं. मी म्हटलं, "चहा घ्या." त्यांनी घेतला. गेले. जिन्यावर एकेका पायरीला थांबत होते.

सासूबाईंनी कप उचलले आणि माझ्यासमोर आपटले. या बाई आवाज चढवत नाहीत, टोमणे मारतात. आज टोमणा नव्हता.

"तुझं दुखणं मोठं आहे, मला मान्य आहे. पण ते त्या पोरीच्या गळ्यात किती दिवस बांधून ठेवणार? तिने काय केलं, तुला पाणी आणून दिलं?"

"तिने मारलं होतं, आई. खालून."

"मारलं असेल. त्याचं नाक फोडून घेतलंस ना? फिटलं. हे दुसरं आहे."

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि ओरडले. पोट ठणकेपर्यंत ओरडले. बाहेर आले तर सासूबाईंनी आणि नवऱ्याने काही ऐकलं नाही असा चेहरा केला होता.

शनिवार, २२

सकाळी हॉलवर गेले. मास्तरांना कालच निरोप दिला होता, टाचणीला बोलवा म्हणून. ती आली होती. भिंतीला टेकून उभी, कामाच्या कपड्यांत, कॉलरला एक टाचणी विसरलेली. नाकाचं हाड जरा वाकडं बसलंय. ते मी केलंय. बारीक झाली आहे पोरगी, गाल आत गेलेत.

मी हॉलच्या मधोमध जाऊन उभी राहिले. त्याच जागी.

"मास्तर, दुखतंय."

बॅगा थांबल्या. सवयीने मास्तरांचा हात घंटेच्या दोरीकडे गेला, तिथेच अडला. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "कोणी मारलं?"

टाचणीने भिंत सोडली. चपला काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं, तरी दोरीकडे चालू लागली, ग्लोव्हज न घालता, हात खाली सोडून. मार खायला निघालेलं माणूस ओळखू येतं. मी खूप बघितली आहेत.

"कोणी नाही," मी म्हटलं.

ती थांबली.

"कोणी मारलं नाही. गर्भ नळीत राहिला होता. नळी फुटली. हिने बोट लावलं नसतं तरी फुटलीच असती. तुम्ही घंटा वाजवली नसती तरी. डॉक्टरांनी सांगितलंय मला."

मास्तर बाकावर बसले. घंटेची दोरी हातात तशीच राहिली, घंटा एकदा वाजली आणि सगळ्या दचकल्या.

टाचणी माझ्याजवळ आली. "कधी सांगितलं?"

"हॉस्पिटलमध्ये."

"म्हणजे कधी?"

"महिना झाला."

"महिना?" ती म्हणाली. "मी रोज जिन्यात बसत होते, ताई. मला झोपेत बाळ दिसतं. महिना तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

तिने उघड्या हाताने माझ्या तोंडावर मारलं. अंगातली होती नव्हती ती सगळी ताकद लावून, डावा हात, खणखणीत. ओठ दातावर फुटला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. कोणीतरी "अगं!" ओरडलं, दोघी तिला धरायला धावल्या, मी हात करून त्यांना थांबवलं. रक्ताची चव आली. दुखलं. कुठे दुखलं, का दुखलं, कोणी मारलं, सगळं एकदम कळलं. कित्येक दिवसांनी असं काही कळलं.

मग मीच रडायला लागले, आणि तिने मला धरलं, पोटाला धक्का लागणार नाही अशा बेताने, बाजूने. दोघी तिथेच जमिनीवर बसलो. मास्तरांनी सगळ्या पोरींना पाठ फिरवून उभं राहायला सांगितलं.

निघताना त्यांनी मला जिन्यात थांबवलं. म्हणाले, सोमवारपासून दुखतं म्हणायला परवानगी आहे. आधी तपासायचं, मग काय ते. "आणि टाचणी आता खेळते म्हणते, तिला परवा रिंगमध्ये उभी करायची आहे," म्हणाले. "कोपऱ्यात पाणी द्यायला कोण थांबेल?"

मी थांबेन म्हटलं.

वजन केलं नाही. झोप बघू. मार खाल्ला, एक. हक्काचा होता.